त्याचं बालपण आमच्याकडे आहे

माझा पहिलीपासूनचा वर्गमित्र गेल्या वर्षी कोइमतूरला वारला. आटपाडी तालुक्यात, माणगंगेच्या काठी आमचं लहानसं गाव. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत १९७० च्या जूनमध्ये आम्ही दोघांनी नाव घातलं आणि सातवीपर्यंत एकाच बस्करावर मांडीला मांडी लावून बसलो. सातवीनंतर तो गलाईच्या धंद्यात गेला. आटपाडी, खानापूर, माण, खटाव या भागातली हजारो माणसं देशभरच्या सराफपेठांत पसरलेली आहेत. सोनाराकडचं मोडीचं सोनं मुशीत वितळवायचं, ॲसिडमध्ये शुद्ध करायचं आणि तोलून परत द्यायचं, हे त्यांचं काम. पावसाने पाठ फिरवलेल्या मुलखातून बाहेर पडायची ती एक वाट होती. त्या वाटेने तो आधी केरळात गेला, भट्टीवर पोऱ्या म्हणून राबला, पुढे कोइमतूरला स्वतःचं दुकान टाकलं आणि तिथलाच झाला. त्याचं नाव इथे लिहीत नाही. छापून आलेलं त्याला रुचलं नसतं.

तो गेल्यानंतर त्याच्या घरच्यांशी, आमच्या वर्गातल्या माणसांशी, गुरुजींशी बोलताना काही गोष्टी ध्यानात आल्या. माझ्या वयाच्या माणसांवर ही वेळ आता वरचेवर येते, म्हणून त्या लिहून ठेवतो.

१. बालपणाचे साक्षीदार शेवटी वर्गमित्रच उरतात.

आईवडील आधी जातात. थोरली भावंडंही पुढेमागे जातात. बायको येते ती माणूस मिशा फुटून मिळवता झाल्यावर, आणि मुलं तर बापाला कायम बाप म्हणूनच बघतात. माझ्या मित्राची मुलं तमिळ मुलखात जन्मली, तिथेच शिकली. गावी यायची ती यात्रेला नाहीतर लग्नाला, चार दिवसांसाठी. अस्थी घेऊन थोरला मुलगा आला तेव्हा दहाव्याला नदीकाठी भरपूर माणसं जमली होती. भाऊबंद होते, गलाईतले जोडीदार होते, पुढारीही येऊन गेले. पण त्याला खाकी चड्डीत, पाटी बगलेत मारून पळताना पाहिलेले आम्ही मोजकेच होतो. विधी आटोपून घरी आल्यावर मुलगा माझ्याशेजारी येऊन बसला. त्याच्या मराठीला तमिळचा हेल आहे, पण भाषा स्वच्छ. म्हणाला, "काका, पप्पा लहान असताना कसे होते? आम्हाला कुणी सांगितलंच नाही. ते स्वतः कधी बोलले नाहीत."

माणसाची पहिली बारा-तेरा वर्षं अशी दुसऱ्यांच्या ताब्यात असतात. ती ज्यांच्याकडे आहेत त्यांनी दिली नाहीत, तर मुलांना ती मिळायला दुसरी जागा नाही. त्या दिवसापासून मी हे माझं काम मानतो. आठवण काढणं ही आपल्या समाधानाची गोष्ट नाही, हे देणं आहे.

२. "फार चांगला माणूस होता" म्हणून थांबू नये. एक प्रसंग सांगावा.

चांगला होता हे घरच्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. त्यांना ठाऊक नसलेलं असं काहीतरी द्यावं.

मी मुलाला पुस्तकाची गोष्ट सांगितली. बालभारती १९६७ साली सुरू झाली, त्यामुळे आमच्या वेळी ती नवी रंगीत पुस्तकं गावोगाव पोचू लागली होती. माझे वडील वरच्या वर्गातल्या पोराकडून जुनं पुस्तक निम्म्या किमतीला आणायचे. त्याच्या घरी तेवढेही पैसे नसायचे. म्हणून दोघांत एकच पुस्तक. दुपारच्या सुट्टीत आम्ही मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर समोरासमोर बसायचो, पुस्तक मध्ये. ते माझ्याकडून सुलट असायचं, त्याच्याकडून उलटं. मी म्हणायचो, फिरवू या. तो म्हणायचा, "ऱ्हाऊ दे, मला उलटंच बरं दिसतं." त्याचं बोट ओळीवरून उजवीकडून डावीकडे सरकत जायचं आणि तो माझ्याइतकाच भरभर वाचायचा. एकदा शाळेच्या तपासणीला साहेब आले आणि त्यांनी त्याला उभं करून धडा वाचायला सांगितलं. याने पुस्तक हातात घेतलं, क्षणभर बघितलं, उलटं धरलं आणि घडाघडा वाचून दाखवलं. साहेब गुरुजींकडे बघायला लागले.

हे ऐकून मुलगा एकदम म्हणाला, "काका, दुकानात सोनार चिठ्ठी हातात धरून काउंटरपलीकडे उभा असायचा, आणि पप्पा ती न घेताच तिच्यावरचं वजन वाचायचे. आम्हाला वाटायचं, धंद्यात सवय झाली." वहिनी आतल्या खोलीत बसल्या होत्या, त्या उठून दारात आल्या आणि मला परत पहिल्यापासून सांगायला लावलं. त्यांनी तीसहून जास्त वर्षं तो माणूस बघितला होता, तो उलटा वाचणारा पोरगा त्यांना त्या दिवशी भेटला.

असा प्रसंग आठवायला जोर द्यावा लागतो. गुण लगेच आठवतात. प्रसंग आठवायचा तर जागा आठवावी, हातात काय होतं ते आठवावं, मग बाकीचं येतं.

३. शाळेचं रजिस्टर जाऊन बघावं.

वारसाच्या कागदांसाठी मुलाला वडलांच्या जन्मतारखेचा पुरावा हवा होता, म्हणून आम्ही निर्गम उतारा काढायला शाळेत गेलो. मुख्याध्यापिकांनी कपाटातून जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढलं. पानांच्या कडा तपकिरी झालेल्या, निळी शाई मात्र टवटवीत. गुरुजींचं ते उभट, गाठ मारल्यासारखं अक्षर मी लांबून ओळखलं. विद्यार्थ्याचं नाव, वडलांचा धंदा, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, शाळेत आल्याची तारीख. पुढे वर्तणूक: चांगली. शाळा सोडल्याचं कारण: परगावी गेल्याने.

जन्मतारीख होती १ जून १९६४. मुलाने बोट खाली नेलं. त्याच्याखाली माझं नाव, १ जून. खालच्याचंही १ जून. जवळजवळ सगळं पान १ जूनचं होतं. मला त्याला समजावून सांगावं लागलं. त्या वेळी घरी जन्माची नोंद कुठली? आई सांगणार, पोळ्याच्या आदल्या दिवशी, नाहीतर ज्वारी काढायला आली तेव्हा. शाळा जूनमध्ये भरायची, पहिलीला सहा वर्षं पुरी लागायची, म्हणून गुरुजी उलटा हिशोब करून १ जून टाकून द्यायचे. महाराष्ट्रात माझ्या वयाच्या माणसांमध्ये १ जूनचे वाढदिवस इतके का, याचं उत्तर त्या रजिस्टरांत आहे.

मुलगा गप्प झाला. घरात दरवर्षी १ जूनला केक कापला जायचा. मग मी त्याला सांगितलं की त्याच्या आजीच्या तोंडून मी स्वतः ऐकलंय, हा जन्मला म्हसवडच्या रथाच्या दिवशी. मार्गशीर्ष लागला की सिद्धनाथाचा रथ निघतो. त्या दिवशी त्याची आई मीठमोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढायची आणि त्याच्या हातावर खारीक-खोबरं ठेवायची. मी शेजारी उभा असलो तर माझ्याही हातावर ठेवायची. आजी गेली, चुलते गेले. ही तारीख आता फक्त माझ्याकडे उरली होती, आणि मला ती कधी कुणाला द्यावी लागेल असं वाटलंही नव्हतं.

४. वर्गातल्या मुलींना शोधून काढावं.

हे मी फार आग्रहाने सांगतो. जुन्या मित्रांचे मेळावे भरतात त्यात बहुतेक पुरुषच असतात. मुली सातवीच्या आतबाहेर शाळेतून गेल्या, लग्नं होऊन दिघंची, म्हसवड, सांगोल्याकडे गेल्या, नावं बदलली, आडनावं बदलली. त्यांचा पत्ता लागत नाही म्हणून वर्गाची अर्धी आठवण पडून राहते. पत्ता लागतो. त्यांच्या भावांना विचारायचं, दिवाळीला नाहीतर पंचमीला त्या माहेरी येतात तेव्हा गाठायचं.

त्याच्या दहाव्याला आमच्या वर्गातली एक आली होती, आता आजीबाई झालेली. आमच्या शाळेची जमीन मातीची होती, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती शेणाने सारवली जायची. सारवायचं मुलींनी आणि पाणीही त्यांनीच आणायचं, असा त्या काळचा रिवाज. ती म्हणाली, "आरं, तुमास्नी ठावं न्हाई. आडाचं पानी शेंदून आमी कळश्या डोक्यावर आनायचो. व्हरांड्याची पायरी उच्ची. कळशी उतरताना निम्मं पानी अंगावर. त्यो यकटाच पोरगा हुता, जो सवताहून म्होरं येऊन कळशी उतरून घ्यायचा. कदी बोलून दावलं न्हाई, कदी हसला न्हाई. उतरून घ्यायचा आन जायचा."

आम्ही सात वर्षं त्याच्या मांडीला मांडी लावून बसलो, आणि हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. त्याला पाढे तोंडपाठ होते, पावकी, निमकी, पाऊणकी, अडीचकी सगळी खाडखाड यायची, हे आम्ही सगळे सांगत होतो. पण आडावर दोर ओढता ओढता त्याने तिला पावकी म्हणायला शिकवली आणि तिने पुढे तीस-चाळीस वर्षं दुधाचा रतीब त्या पावकीवर घातला, हे तिच्याकडून कळलं. गलाईत तोळ्या-गुंजांच्या हिशोबात त्याचा हात कुणी धरत नव्हतं असं त्याचे जोडीदार सांगतात. एका पावकीवर दोन प्रपंच चालले.

५. आठवणी जुळत नाहीत तेव्हा निकाल लावायला बसू नये.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा आम्ही तिसरीत होतो. त्यावर बोलायला बसलं की आमच्यात हमखास वाद होतो. तेव्हा खायला वाटायचे ती सुकडी शाळेत मिळायची की कामावर? एक म्हणतो शाळेत, दुसरा म्हणतो पाझर तलावाच्या कामावर ओळीत उभं राहून घेतलीय. एक म्हणतो गोड होती, दुसरा म्हणतो घशाखाली उतरायची नाही. मित्राबद्दल तर दोन टोकाच्या गोष्टी आहेत. एकाच्या मते तो त्या वर्षी कित्येक महिने मेंढरांबरोबर कृष्णाकाठी गेला होता. दुसरा शपथेवर सांगतो की तो इथेच होता आणि शर्टाच्या ओच्यात सुकडी बांधून धाकट्या बहिणीसाठी घरी न्यायचा.

मी दोन्ही मुलाला सांगितल्या. त्या वर्षाची हजेरी आता सापडत नाही आणि सापडली तरी ओच्यातली सुकडी हजेरीत थोडीच लिहिलेली असणार.

मला स्वतःला त्यातलं एक स्पष्ट आठवतं. रस्त्याच्या कामावर त्याची आई खडी फोडायला बसायची. बोटांना लुगड्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या, एका हाताने दगड धरायचा, दुसऱ्या हाताने हातोडी. खडीचं माप ब्रासवर व्हायचं आणि माप भरलं नाही तर मजुरी कमी. शाळा सुटली की तो जाऊन तिच्यासमोर बसायचा आणि फुटलेली खडी ढिगावर लावून द्यायचा, माप नीट भरावं म्हणून. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसं अशा कामांवर होती. पुढे याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा झाला. मोठ्यांच्या तोंडी तेव्हापासून एक वाक्य आहे, बहात्तरचा दुष्काळ अन्नाचा होता, नंतरचे पाण्याचे. घरी मिलो म्हणून परदेशी लाल ज्वारी यायची. तिची भाकरी थापताना चिरायची आणि गार झाली की वातड व्हायची.

पण मुलांना नुसती उपासमार सांगू नये, असं माझं ठाम मत आहे. त्यांनी बापाच्या बालपणाची कीव का करावी? कोरड्या पडलेल्या माणगंगेत आम्ही वाळू उकरून झिरे काढायचो, कुणाच्या झिऱ्याला आधी पाणी लागतं याची पैज लागायची. वाळूचा थर ओला लागला की त्याला हाताच्या स्पर्शावरून कळायचं, अजून किती खोल जायचं. पाणी वर आलं की आधी गढूळ, मग हळूहळू नितळ. ते ओंजळीने पिताना आम्ही जे हसायचो, ते दुष्काळातलंच हसू होतं. तेही सांगावं.

६. गुरुजींकडे जायला वेळ लावू नये.

आमचे गुरुजी नव्वदीला टेकलेत. त्यांचं स्वतःचं शिक्षण औंध संस्थानात झालं. आटपाडी तेव्हा औंधात होती आणि राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. संस्थान गेलं, पण गुरुजींनी आमच्याकडून रोज सकाळी प्रार्थनेआधी नमस्कार घालून घेतले. आम्ही मुलाला घेऊन त्यांना भेटायला गेलो. ऐकू कमी येतं, नजर मात्र तीच. नाव मोठ्याने सांगितल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं ते आम्हा कुणालाच माहीत नव्हतं.

सातवीचा निकाल लागल्यावर गुरुजी चालत त्याच्या वडलांकडे गेले होते. वडील मेंढरांच्या तळावर होते. गुरुजी म्हणाले, पोराला आटपाडीला आठवीत घाला, वह्या-पुस्तकांचं मी बघतो. वडलांनी त्यांना घोंगडीवर बसवलं, दूध दिलं आणि सांगितलं की गलाईवाल्याला शब्द देऊन झालाय, तेवढंच एक खाणारं तोंड कमी होईल आणि चार पैसे येतील. गुरुजी परत आले. त्यांच्या बोलण्यात वडलांवर राग नव्हता. "त्या माणसाचं गणित चुकीचं नव्हतं," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी नातवाला आतून एक पत्र्याची पेटी आणायला सांगितली. तीत एक पोस्टकार्ड होतं, १९७८ सालचं, केरळातून आलेलं. बाळबोध अक्षर, ओळी सरळ. सुरुवातीला शिरसाष्टांग नमस्कार, मग काम बरं चाललं आहे, जेवण भाताचं आहे, भट्टीचा धूर डोळ्यांना लागतो, आणि शेवटी: आठवीचं गणिताचं पुस्तक मिळालं तर पाठवावं, पैसे मनिऑर्डरने देतो. गुरुजींनी पुस्तक पाठवलं होतं. पैसेही आले होते.

मुलाने कार्ड दोन्ही हातांत धरून वाचलं. ते मिळेल का, असं त्याने विचारलं. गुरुजी म्हणाले, "छायाप्रत काढून घे बाळ. मूळ माझ्याकडं राहू दे." आम्ही गावात जाऊन प्रत काढून आणली आणि कार्ड परत त्यांच्या पेटीत ठेवलं.

७. फोटोच्या मागे नावं आजच लिहावीत.

सातवीचा एकच फोटो आहे. पेन्सिलने लिहा, शाई पुढे उमटते. मुलींची माहेरची आणि सासरची, दोन्ही नावं लिहा.

८. शाळेला काही द्यायचं तर आधी शाळेला विचारावं.

मुलाला वडलांच्या नावाची कमान बांधायची होती. खर्चाची त्याची तयारी होती. मी म्हटलं, मुख्याध्यापिकांशी बोलू. त्यांनी जे सांगितलं त्याने आमचे डोळे उघडले. गावातली निम्मी घरं गलाईच्या पाठोपाठ परमुलखात गेली, त्यांची मुलं तिकडच्या शाळांत. पट रोडावला होता. आता टेंभू योजनेचं पाणी आलं, डाळिंबाच्या बागा वाढल्या आणि बागांतल्या मजुरांची मुलं शाळेत येऊ लागली. हे मजूर हंगामाप्रमाणे फिरतात. पोर ऑगस्टमध्ये येतं, नाहीतर दिवाळीनंतर. सरकारची पुस्तकं फुकट असतात, पण ती आधी कळवलेल्या पटाच्या हिशोबाने जूनमध्ये येतात आणि वाटून होतात. मधेच आलेल्या मुलाला शेजाऱ्याच्या पुस्तकात बघावं लागतं.

मुलाने माझ्याकडे बघितलं. कमानीचं बोलणं तिथेच संपलं.

आता शाळेत एक लोखंडी कपाट आहे. प्रत्येक इयत्तेचे जादा संच, वह्या, पाट्या, कंपासपेट्या त्यात असतात. उशिरा आलेल्या पोराला त्याच दिवशी स्वतःचं पुस्तक मिळतं. दरवर्षी मे महिन्यात मुख्याध्यापिका काय संपलं त्याची यादी पाठवतात आणि कोइमतूरहून पैसे येतात. कपाटावर मित्राचं नाव आहे. मुलाला ते हवं होतं, आणि मलाही ते योग्य वाटतं. त्या मुलांचे आईबापही पोटासाठी गाव सोडून आलेले आहेत, त्यांनी ते नाव वाचावं.

रविवारी संध्याकाळी मुलाचा फोन येतो. दर वेळी त्याच्याकडे एखादा प्रश्न असतो. पप्पा पोहायचे का? कुणाशी भांडायचे? शाळेत मार खाल्ला का? ज्याचं उत्तर मला येत नाही ते मी दुसऱ्या कुणाला तरी विचारून पुढच्या रविवारी सांगतो. मार्गशीर्षात तो बायको-मुलांना घेऊन म्हसवडच्या रथाला येतो आहे. त्या आधी वर्गातल्या कुणाकुणाला भेटायचं त्याची यादी मी करून पाठवली आहे. पहिलं नाव कळशीवालीचं आहे. ती दिघंचीला असते, गुडघ्यांमुळे तिला आता एसटीत चढवत नाही, म्हणून आम्हीच तिच्याकडे जायचं ठरलं आहे. जेवणही तिच्याकडेच आहे.